ओल्गाचा शेवटचा रविवार

विबेकेच्या सत्तराव्या वाढदिवसाचं तिसरं गाणं सुरू झालं, तेव्हा हेरिंग माशांची ताटं उचलून झाली होती आणि गरम जेवण अजून यायचं होतं. मंडळी दुपारी टेबलाशी बसली होती, म्हणजे अंधार पडेपर्यंत कुणी उठणार नव्हतं. क्रारूपांच्या घरात वाढदिवसाला फुलं आणतात, वाइन आणतात आणि गाणीही लिहून आणतात. चाल सगळ्यांच्या ओळखीची, शब्द घरचे. प्रत्येकाच्या हातात छापील कागद दिला जातो, त्यामुळे ‘मला येत नाही’ म्हणून सुटायची सोय नसते. ज्याचा वाढदिवस त्याने गायचं नसतं. त्याने हसऱ्या चेहऱ्याने बसून सोसायचं असतं. हे काम विबेकेइतकं चांगलं अख्ख्या ऑर्हुस शहरात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. चाळीस वर्षं तिने हसऱ्या चेहऱ्याचाच पगार घेतला होता.

तिसरं गाणं सुनेचं होतं. सोल्वाय उभी राहून, हाताने ताल धरून गात होती:

‘ओल्गा, ओल्गा बोटीवरची,
तुझ्या रश्शाला तोड नाही,
तुझ्यावाचून पैलतीरी
रविवार काही गोड नाही!’

अशी नऊ कडवी होती आणि नऊही कडव्यांत ओल्गा होती. त्याआधीच्या मुलाच्या, आस्गरच्या गाण्यात सात कडवी होती. त्यांतल्या पाचांत ओल्गा, एकात उन्हाळी घराचं गळकं छप्पर आणि उरलेल्यात आस्गर स्वतः. फक्त मुलीने, सिग्नेने, आईच्या रंगभूमीवरच्या साऱ्या भूमिका गाण्यात ओवल्या होत्या. राण्या, विष घालणाऱ्या बायका, एक आंधळी जोगीण, दोनदा चक्क पुरुष. पण तिने चाल एवढी अवघड निवडली, की दुसऱ्या कडव्याला सगळे नुसते ओठ हलवायला लागले आणि चौथ्या राणीपर्यंत सिग्ने एकटीच गात राहिली.

ओल्गा म्हणजे ‘पैलतीर’ मालिकेतली फेरीबोटीवरची स्वयंपाकीण. गेले अकरा हिवाळे दर रविवारी आठ वाजता निम्मा देश तिच्यासमोर बसत होता. विबेके बेकरीत गेली की पोरगी विचारी, ‘ओल्गा, ब्रेड कापून देऊ का?’ गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा भूल उतरायच्या आत डॉक्टरांनी माशाच्या रश्शाची कृती विचारली होती. विबेकेला अंडं धड उकडता येत नव्हतं. आजचं जेवणही सोल्वायने करून आणलं होतं.

टेबलाच्या टोकाला तिची थोरली बहीण गुद्रुन मांडीवर पर्स धरून बसली होती. ल्युंगो बेटावरच्या धक्क्यावर तिकिटं विकण्यात तिचं आयुष्य गेलं. आजही ती सकाळच्या बोटीने आली होती. गुद्रुन गाण्यांत ओठसुद्धा हलवत नव्हती. तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

“उशीर होतोय का तुला?” सोल्वायने बसता बसता विचारलं.

“आठ वाजता ओल्गा आहे,” गुद्रुन म्हणाली.

“अगं मावशी, ओल्गा इथेच बसलीय की! तुझ्यासमोर!”

गुद्रुनने बहिणीकडे एकदा बघून घेतलं. “ही नव्हे,” ती म्हणाली आणि पावाला लोणी लावायला लागली.

मग प्रेबेनने सुरीने पेल्यावर टकटक केली.

प्रेबेन म्हणजे विबेकेचा घटस्फोटित नवरा, नाट्यदिग्दर्शक. घटस्फोट होऊन जमाना झाला होता, पण क्रारूपांच्या प्रत्येक समारंभात त्याचं भाषण होई. त्याला बोलावलं नाही तर तो न बोलावता येई आणि भाषण दुप्पट लांब करी. भाषणाचा मथितार्थ मुलांना पाठ होता: टीव्ही हे फर्निचर आहे आणि फर्निचरमध्ये माणूस ठेवला की त्याची खुर्ची होते. विबेकेने ओल्गाचं काम घेतलं, तेव्हा त्याने वर्तमानपत्रात लेख लिहून एका महान अभिनेत्रीच्या निधनाबद्दल शोक व्यक्त केला होता.

“मित्रहो,” प्रेबेन उठला, “रंगभूमी ही आई आहे.”

सिग्नेने मान डोलावली. इथवर सगळं नेहमीचं होतं.

“पण,” प्रेबेनने स्नॅप्स दारूच्या पेल्याकडे प्रेमाने पाहिलं, “पडदा, तो छोटा पडदासुद्धा, आपण पूर्वग्रह बाजूला ठेवले तर, एका अर्थी, एक रंगमंचच नव्हे काय? निम्मा देश एकाच वेळी श्वास रोखतो. ग्रीकांनासुद्धा हे जमलं नव्हतं. विबेके, ओल्गाला तू अमर केलंस. ओल्गा दीर्घायुषी होवो!”

सगळ्यांनी पेले उचलले. सिग्नेने मात्र उचलला नाही. ऑर्हुसच्या कॉलेजात ती मुलांना नाटक शिकवत होती आणि बापाची मतं हाच तिच्या अभ्यासक्रमाचा कणा होता. बापाने त्याच कण्यावरून आज गाडी नेली होती. ‘ह्याला झालंय काय?’ ती बघतच राहिली. घरात ओल्गाच्या विरोधात ते दोघेच होते. आता ती एकटी उरली.

विबेकेनेही पेला ओठांना नुसता लावला. तिचा चेहरा हसराच होता.

“आता आमची भेट!” आस्गर उठला. बायकोला त्याने डोळ्याने खुणावलं आणि दोघांनी आतल्या खोलीतून घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबरुंद आणून सोफ्याला टेकवलं. “आई, डोळे मीट. बाबा, तू पण मीट, नाहीतर आधी बोलून टाकशील.”

घोंगडी खाली पडली. आत लाकडी पाटी होती. पाटीवर डोक्याला निळा रुमाल बांधलेली, गाल लालबुंद असलेली विबेके हातात पळी घेऊन हसत होती. खाली ठसठशीत अक्षरं: ओल्गाचं स्वयंपाकघर.

“धक्क्यावरचं जुनं जकातघर घेतलंय आम्ही,” सोल्वायला धीर धरवेना. “ल्युंगोवर! मावशी, तुझ्या तिकीटखिडकीच्या अगदी समोर! ईस्टरच्या शनिवारी उद्घाटन. आधीच चार बसगाड्या भरून माणसं येणार म्हणून कळलंय. आणि आई, तू काही म्हणजे काही करायचं नाहीस. फक्त शनिवारी यायचं. दुपारी दोन तास. रुमाल बांधून नुसतं पळी ढवळायचं.”

“आणि ‘बरं बरं’ म्हणायचं,” आस्गर म्हणाला. “लोकांना ते फार आवडतं.”

“मी जानेवारीत नोकरी सोडली, आई,” तो पुढे म्हणाला. “विमा कंपनीची. तुला आज सांगायचं म्हणून थांबलो होतो.”

 विबेकेने रुमाल मांडीवरून काढून ताटाशेजारी ठेवला.

“आस्गर,” ती म्हणाली, “ओल्गा आज मरते.”

“म्हणजे?”

“म्हणजे मरते. आज संध्याकाळी. आठ चाळीसच्या सुमाराला.”

सोल्वाय हसली. मग कुणीच हसत नाही असं पाहून थांबली. “पण… असं कसं मारतील? विचारल्याशिवाय?”

“विचारलं ना. मला विचारलं.”

“मग तू नाही म्हणायचं होतंस!”

“मीच म्हटलं मारा.”

आस्गर पाटीच्या शेजारी उभा होता. एकीकडे आई, दुसरीकडे रुमालवाली आई. त्याने पाटीवरचा हात काढला नाही. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण त्या क्षणी त्याच्या मनात आलं ते सात वर्षांच्या पोराचं होतं. संध्याकाळचे सहा. आई आरशासमोर पावडर लावतेय आणि शेजारच्या बाई त्याला झोपवायला आल्या आहेत. रोज सहा. रोज शेजारच्या बाई.

“मला संध्याकाळची आई कधी मिळालीच नाही,” तो म्हणाला. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही. “म्हटलं, निदान शनिवार दुपारची तरी मिळेल.”

“तुला आई नको होती, आस्गर,” सिग्ने तडकून उठली. “तुला पाटी हवी होती! आई, फार छान केलंस. अकरा वर्षांपूर्वीच करायला हवं होतंस. कधी ठरवलंस?”

“मागच्या वसंतात. चित्रीकरण उन्हाळ्यात झालं.”

सिग्नेचा चेहरा उतरला. “मागच्या वसंतात? आणि मला आज कळतंय? सगळ्यांच्याबरोबर? सोल्वायच्या बरोबर?”

“गुप्ततेचा करार होता.”

“करारात मुलगी धरत नाहीत, आई!”

“तू कॉलेजात सांगितलं असतंस.”

“मी फक्त तिसऱ्या वर्षाला सांगितलं असतं!” सिग्ने म्हणाली आणि बोलून गेल्यावर तिला ते कळलं. ती खाली बसली. आईच्या बाजूने उभं राहिलेलं एकुलतं एक माणूस अशा रीतीने मिनिटभरात विरुद्ध बाजूला जाऊन बसलं.

आता सर्वांनी प्रेबेनकडे पाहिलं. निदान तो तरी टाळ्या वाजवेल असं विबेकेला वाटलं होतं. त्याने तोंडभर उपदेश केला असता तरी तिने आज ऐकून घेतला असता. पण प्रेबेनचा रंग त्याच्या पांढऱ्या शर्टासारखा झाला होता.

“हे शक्य नाही,” तो म्हणाला. “ती मरू शकत नाही. मी अर्जेंटिनाहून येतोय.”

“कुठून?” आस्गरने विचारलं.

प्रेबेनने पेला रिकामा केला. “एप्रिलपासून माझं चित्रीकरण आहे. ‘पैलतीर’मध्ये. मी… ओल्गाचा तरुणपणीचा प्रियकर. पन्नास वर्षांनी परत येतो.”

सिग्नेने डोक्याला हात लावला. “फर्निचर, बाबा?”

“भूमिकेत खोली आहे!” प्रेबेन ओरडला. “पटकथा गुप्त आहे, पण मला सांगितलं, फार भावनिक आहे. पन्नास वर्षांनी माणूस बोटीवर चढतो. का चढतो? ओल्गाला भेटायलाच ना? का फेरी बघायला?”

विबेकेला हसू आवरेना. हे हसू खरं होतं, दिवसभरात पहिल्यांदाच. “मला माहितीये तो प्रसंग. मला वाचायला दिला होता. तू बोटीवर चढत नाहीस, प्रेबेन. तू थेट दफनभूमीत येतोस. कबरीपाशी उभा राहतोस.”

“आणि?”

“आणि जातोस.”

“काही बोलत नाही?”

“टोपी काढतोस.”

प्रेबेनने रिकामा पेला टेबलावर ठेवला. “म्हणजे मूक,” तो म्हणाला.

“मूक.”

त्यानंतर जे भांडण झालं, ते क्रारूपांच्या घरात मागल्या उन्हाळ्यातल्या छपराच्या भांडणानंतरचं सगळ्यात मोठं ठरलं. मधल्या मधे डुकराचं भाजलेलं मटण आलं, खाल्लं गेलं आणि त्याची तारीफही झाली, कारण भांडण आपल्या जागी आणि कुरकुरीत साल आपल्या जागी. सोल्वाय म्हणाली, की आईने निर्मात्यांना आत्ताच फोन करावा, अजून चार तास आहेत. सिग्ने म्हणाली, की प्रसारण म्हणजे काय हे सोल्वायला कुणीतरी समजावून सांगावं. आस्गर म्हणाला, ओल्गा नुसती बेशुद्ध पडू शकत नाही का, पुष्कळ माणसं पडतात. बारा मेणबत्त्या आणि लाल-पांढरे कागदी झेंडे खोचलेला केक आला, तेव्हा सगळ्यांनी उभं राहून तीनदा हुर्रे केलं, लांबलचक चौथं हुर्रेही केलं आणि खाली बसून पुढे चालू.

“पण का?” अखेर आस्गरने विचारलं. “अख्खा देश तुझ्यावर जीव टाकतो. आणि तू ते सोडून कुठे चाललीस?”

“एक नाटक आलंय. सप्टेंबरात. एका निवृत्त न्यायाधीशबाईचं. ती आपलाच एक जुना निकाल पुन्हा तपासते. दोन तास मी एकटी रंगमंचावर.”

“कुठल्या थिएटरात?”

“गिरणीजवळच्या. छोटं आहे.”

“किती छोटं?”

“साठ खुर्च्या.”

“साठ!” सोल्वायने हात जोडले. “आई, आमच्या एका बसमध्ये एवढी माणसं असतात!”

“हो,” विबेके म्हणाली. “पण ती माझ्यासाठी येतील. तुझ्या बसमधली रश्शासाठी.”

मग तिने समजावून सांगायचा प्रयत्न केला. सकाळी सातला आपण मेकअप करून बसतो. नऊला एक वाक्य म्हणतो. अकराला तेच वाक्य दुसऱ्या बाजूने म्हणतो. आणि समोर बघणारं कुणी नसतं, फक्त सँडविच खाणारे असतात. “रंगभूमीवर मेलं तरी उठून लोकांना नमस्कार करता येतो,” ती म्हणाली. “मला परत कुणासमोर तरी उभं राहायचंय. पाय चालताहेत तोवर.” पण तिचं कुणी ऐकत नव्हतं. सोल्वाय हळूच नवऱ्याला विचारत होती, की पाटीवरचं नाव खरवडून काढता येईल का. सिग्ने रुसली होती. प्रेबेन खिडकीपाशी उभा राहून एक न दिसणारी टोपी काढून बघत होता.

इतक्यात कुणीतरी टीव्ही लावला. मोठ्या आवाजात.

गुद्रुन होती. तिने खुर्ची ओढून बरोबर टीव्हीसमोर घेतली होती आणि पर्स पुन्हा मांडीवर ठेवली होती. “आठ वाजले,” ती म्हणाली. “ज्यांना भांडायचंय त्यांनी स्वयंपाकघरात जावं.”

गेलं कुणीच नाही.

विबेके सोफ्याच्या कडेला, बहिणीच्या शेजारी बसली. मालिका ती कधी बघत नसे. स्वतःला पडद्यावर पाहिलं की तिला परक्याच्या घरात शिरून त्याचं कपाट उघडल्यासारखं वाटे. आणि गुद्रुनबरोबर तर तिने कधीच काही पाहिलं नव्हतं. गुद्रुन तिच्या नाटकांना येत नसे. त्याचं कारण दोघींनाही माहीत होतं आणि दोघींनीही ते कधी उच्चारलं नव्हतं.

त्यांची आई, आने, फेरीबोटीवर कॉफी आणि रस्सा विकायची. ती ल्युंगोवरच्या घरी वारली, तेव्हा जवळ एकटी गुद्रुन होती. तिने थिएटरात फोन लावला. मध्यंतर होतं. विबेके मुकुट घातलेल्या अवस्थेत फोनवर आली. गुद्रुन बराच वेळ बोलत होती. ती थांबली, तेव्हा पलीकडून उत्तर आलं, ‘घंटा झाली, गुद्रुन. ठेवते.’ आणि विबेकेने उरलेले दोन अंक करून टाकले. लोक म्हणाले, त्या रात्रीची राणी काही वेगळीच होती. ते ऐकल्यापासून गुद्रुनने थिएटरात पाऊल टाकलं नाही. ओल्गाचा मात्र तिने एकही रविवार चुकवला नव्हता. ओल्गा हात पुसायची ते एप्रनच्या दोन्ही बाजूंना, आधी तळवे, मग मागची बाजू. ओल्गा ‘बरं बरं’ म्हणायची ते श्वास आत घेता घेता. बेटावर तसं एकच माणूस म्हणायचं आणि ते माणूस कबरीत होतं. रविवारी आठ ते नऊ ते गुद्रुनच्या दिवाणखान्यात येऊन बसायचं.

पडद्यावर ओल्गा आजारी होती. बोटीचा कप्तान येऊन गेला, शाळामास्तर येऊन गेले. सोल्वायने रडायला सुरुवात केली.

“उगाच रडू नकोस, अजून वेळ आहे,” प्रेबेन जाणकारासारखा म्हणाला.

“गुद्रुन,” विबेके हळू आवाजात म्हणाली, “तुला सांगायला हवं होतं. म्हणजे हे सगळं बघायच्या आधी…”

“गप्प बस,” गुद्रुन पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “मरतेय ती.”

ओल्गा उशांना टेकून पडली होती. खोलीत एक शेजारीण होती. बाहेर थंडी दिसत होती, तरी ओल्गाने खिडकी उघडायला सांगितलं. शेजारणीने उघडली. लांबून बोटीचा भोंगा वाजला. ओल्गाने मान जरा कलती करून तो ऐकला. “उशीर झालाय आज तिला,” ती म्हणाली. मग तिने गोधडीवर दोन्ही हात पुसले. आधी तळवे. मग मागची बाजू. एवढंच. नंतर कॅमेरा त्या हातांवर बराच वेळ राहिला आणि हात हलले नाहीत.

आस्गर ढसाढसा रडत होता. सिग्नेनेही, ‘काम चांगलं आहे, काम फारच चांगलं आहे,’ असं पुटपुटत नाक पुसलं. जिच्यासाठी ते सगळे रडत होते ती केकचा उरलेला तुकडा हातात घेऊन त्यांच्यामध्ये बसली होती, पण तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

गुद्रुन रडली नाही. नामावली संपेपर्यंत ती बसून राहिली. मग उठली, पर्स खुर्चीवर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली.

तेवढ्यात फोन वाजायला लागले. आस्गरच्या जुन्या साहेबाने सांत्वन केलं. बेकरीवालीने रडत विचारलं, फुलं कुठे पाठवायची. जकातघराच्या दाराशीच लोकांनी मेणबत्त्या लावल्या आहेत, असं ल्युंगोवरून कुणीतरी कळवलं. सोल्वायने डोळे पुसले आणि फोन हातात तसाच धरून नवऱ्याकडे पाहिलं.

“आस्गर,” ती म्हणाली, “पाटी बदलायला नको. नुसती काळी किनार लावू.”

“ओल्गाच्या स्मरणार्थ,” आस्गर म्हणाला. त्याचा आवाज अजून ओला होता, पण त्यात जरा जीव आला होता.

“आणि शनिवारी,” प्रेबेन पुढे सरसावला, “तिचा प्रियकर तिथे येऊन बसला तर? कोपऱ्यातल्या टेबलाशी? काही बोलायचं नाही. शांततेतला अभिनय. टोपी माझ्याकडे आहे.”

“रस्सा फुकट देऊ तुला,” सोल्वाय म्हणाली.

सिग्ने बापाकडे पाहत राहिली. “मी येते तुला बघायला,” ती शेवटी म्हणाली. “तिसऱ्या वर्षाला घेऊन.”

विबेके उठून स्वयंपाकघरात गेली. गुद्रुनने बाह्या वर करून भांडी घासायला घेतली होती. विबेकेने फडका घेतला आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

“तुला कुणी सांगितलं?” गुद्रुनने विचारलं.

“काय?”

“खिडकी. भोंगा. ‘उशीर झालाय तिला.’ तू तर नव्हतीस तिथे.”

“तू सांगितलंस. फोनवर.”

“तू ऐकलंच नव्हतंस. घंटा झाली म्हणालीस.”

“ऐकलं होतं. सगळं.”

गुद्रुनने एक ताट धुतलं, दुसरं धुतलं. “मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“काय बोलणार होते? डोक्यावर मुकुट होता आणि बाहेर लोक बसले होते.”

“मुकुट त्याच रात्री उतरवला असशील.”

 विबेके कोरडं ताट पुन्हा पुसत राहिली. “मालिकावाल्यांनी ओल्गाला मरताना दोन पानांचं भाषण लिहिलं होतं,” ती म्हणाली. “समुद्र, देव, सगळं होतं त्यात. मी म्हटलं, हे नको. मी सांगते तसं करू.”

“आईचं मरण तू टीव्हीवर दाखवलंस.”

“हो.”

“रविवारी. आठ वाजता. सगळ्या देशाला.”

“हो, गुद्रुन.”

बाहेर प्रेबेन सर्वांना टोपी काढायच्या दोन तऱ्हा करून दाखवत होता. एकीला टाळी पडली.

“खिडकी उजव्या हाताला होती,” गुद्रुन म्हणाली.

“काय?”

“आईच्या पलंगाच्या उजवीकडे. तू डावीकडे दाखवलीस.”

“उजवीकडे कॅमेरा होता.”

“हं.” गुद्रुनने नळ बंद केला. तिने हात पुसले. आधी तळवे, मग मागची बाजू. विबेकेने ते पाहिलं आणि नजर वळवली. “बाकी बरोबर होतं,” गुद्रुन म्हणाली. “हात अगदी तसेच पुसले होते तिने. मला वाटायचं, ते फक्त माझ्याच लक्षात आहे.”

 मग गुद्रुनने बाह्या खाली घेतल्या, एकेक बटण लावलं.

“ते तुझं न्यायाधीशबाईचं नाटक. कधी म्हणालीस?”

“सप्टेंबरात.”

“त्यात मरतेस का?”

“नाही. शेवटपर्यंत बोलतच असते.”

“मग येते,” गुद्रुन म्हणाली.